एकशे ऐंशी पाउंडांची तुला

श्रीरंग खांबेटे यांनी साठ वर्षांच्या आयुष्यात चारचौघांसमोर छातीठोकपणे एकच आकडा सांगितला, आणि तो आकडा पुढे नऊ महिने त्यांच्या मानगुटीवर बसला!

झालं असं, की वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाची गणपतीच्या तयारीची मीटिंग त्र्यंबककाकांच्या बेसमेंटमध्ये चालली होती. त्र्यंबककाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त सिव्हिल इंजिनियर, आणि हातात कायम एक निळी वही. त्या वहीत एकदा गोष्ट लिहिली गेली की ती झालीच पाहिजे, मग बाहेर स्नो पडो नाहीतर वीज जावो! त्या दिवशी प्रश्न होता गावातल्या फूड पॅन्ट्रीचा. अडचणीत असलेल्या कुटुंबांना ही पॅन्ट्री फुकट किराणा देते आणि मंडळ दर वर्षी तिच्यासाठी धान्य गोळा करतं. पण आपली माणसं देताना देतात काय? कपाटात मागे सरकलेले राजम्याचे डबे! पॅन्ट्री चालवणाऱ्या डोनाबाईंनी मागच्या वर्षी फार गोड शब्दांत कळवलं होतं, की एका डब्यावरची तारीख त्यांच्या नातवाच्या जन्माआधीची आहे.

"काहीतरी नवीन सुचवा," त्र्यंबककाका म्हणाले.

श्रीरंगराव उठले. "येत्या जूनमध्ये मला साठ पूर्ण होतायत. माझी तुला करा! एका पारड्यात मी, दुसऱ्या पारड्यात माझ्या वजनाइतका तांदूळ. तो तांदूळ डायरेक्ट पॅन्ट्रीला!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मग काय, पॅन्ट्रीची चंगळ आहे!" आणि सगळं बेसमेंट खो खो हसलं.

इथे श्रीरंगरावांनी गप्प खाली बसायला हवं होतं. पण ते हसणं त्यांना लागलं. गेली तीस वर्षं ते लागत होतं, आणि प्रत्येक वेळी ते स्वतःही त्यात हसत आले होते. त्या दिवशी मात्र त्यांच्याकडे हुकमाचं पान होतं.

"हसा, हसा! जूनपर्यंत माझं वजन एकशे ऐंशी पाउंड असेल. लिहून घ्या!"

त्र्यंबककाकांनी लिहून घेतलं. बॉलपेननं.

शेजारी बसलेल्या चारुतानं, म्हणजे श्रीरंगरावांच्या बायकोनं, डोळे मिटून घेतले.

आता हुकमाचं पान कुठलं, ते तुम्हाला म्हणून सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी श्रीरंगरावांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली होती! ही बातमी जगात तिघांनाच माहीत होती. ते स्वतः, चारुता आणि बॉस्टनला नोकरी करणारी त्यांची मुलगी अनिका. बाकी सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं, "गॉल ब्लॅडर काढलं." लपवलं का? तर आजवर त्यांनी जे जे केलं ते सगळ्यांच्या देखत केलं होतं. जिऱ्याचं पाणी पिऊन झालं, भात सोडून झाला, दिवसातून दोनदाच जेवून झालं. दर वेळी सगळं मंडळ त्यांच्या ताटावर डोळा ठेवून असायचं, आणि दर वेळी वजन परत आलं की सगळ्यांना श्रीरंगरावांच्या आधी कळायचं. या वेळी कुणी बघायला नको, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि मग स्वतःच उठून आकडा जाहीर केला! याला काय म्हणावं?

घरी जाताना गाडीत चारुता म्हणाली, "अरे, एकशे ऐंशी कुठून काढलंस?"

"ग्राफवरून."

श्रीरंगराव इंजिनियर. ऑपरेशनच्या आधी वजन दोनशे बासष्ट. तीन आठवड्यांत एकोणीस पाउंड गेले. त्यांनी लॅपटॉपवर ते ठिपके टाकले आणि त्यांतून एक सरळ रेघ पुढच्या जूनपर्यंत ओढली. त्या रेघेप्रमाणे जूनमध्ये त्यांचं वजन शून्य येत होतं, म्हणजे तुलेच्या दिवशी पारड्यात नुसतं धोतर!

"तेवढं मी धरलेलं नाही," त्यांनी समजावलं. "फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवून एकशे ऐंशी."

अनिकानं तो ग्राफ व्हिडिओ कॉलवर बघितला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, बॉडीज डोन्ट वर्क लाइक दॅट!"

आणि खरंच, श्रीरंगरावांच्या बॉडीनं त्यांचा ग्राफ काही वाचला नव्हता. दिवाळीला काटा दोनशे अडतीसवर आला. संक्रांतीला दोनशे तेहेतीस. मार्चच्या शेवटी दोनशे एकोणतीस, आणि तिथे त्यानं जी मांडी ठोकली ती काही केल्या मोडेना!

बरं, माणूस चोरून खातोय म्हणावं, तर तेही नाही. अर्धा फुलका, दोन चमचे वरण, वाटीभर पनीर, की संपलं जेवण. घास वीस-वीस वेळा चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. मंडळाच्या दिवाळीला त्यांनी एक चकली चाळीस मिनिटं खाल्ली. बघणाऱ्यांना वाटलं, गप्पा रंगल्यात. रोज संध्याकाळी तीन मैल चालणं, थंडीत कानटोपी घालून. आणि रोज सकाळी बाथरूमच्या काट्यावर तेच ते २२९! त्यांनी काटा सरकवून बघितला, सेल बदलून बघितले. मग चष्मा काढून बघितलं, पण आकडा इतका पाठ झाला होता की चष्म्याशिवायही तोच दिसायचा.

हॉस्पिटलच्या तळघरात दर गुरुवारी अशी ऑपरेशनं झालेल्यांचा ग्रुप भरायचा. तिथे ग्लेन नावाचा स्कूल बसचा ड्रायव्हर होता. श्रीरंगरावांच्याच आठवड्यात ऑपरेशन झालेला. त्याचे नव्वद पाउंड गेले! एका गुरुवारी तो आपली जुनी पँट घेऊन आला आणि तिच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात श्रीरंगरावांनी वाजवल्या. मग ते पार्किंग लॉटमध्ये गेले, गाडीत बसले, आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. दुसरं काही नाही, त्यांना एकच वाटत होतं. पोट कापून घेतलं, तरी मला जमलं नाही.

घरी आल्यावर चारुतानं विचारलं, "कसा झाला ग्रुप?"

"मस्त! ग्लेनची पँट बघितली."

चारुतानं त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि ताक पुढे ठेवलं.

एप्रिलमध्ये मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लायर पडलं. वर श्रीरंगरावांचा हसरा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: "षष्ट्यब्दीनिमित्त तुला! वजन १८० पाउंड! नऊ कुटुंबं, नऊ पोती!" त्र्यंबककाकांनी नऊ घरांना वीस-वीस पाउंडांचं एकेक तांदळाचं पोतं वाटूनसुद्धा दिलं होतं. खाली दीडशे अंगठे आणि जोडलेले हात.

श्रीरंगराव धावत त्र्यंबककाकांकडे गेले.

"काका, मी म्हणत होतो, आपण फुलांची तुला करू या का? सुंदर दिसेल."

"पॅन्ट्रीतली माणसं फुलं खाणार?"

"मग प्रतीकात्मक करू. मी नुसता पारड्याला हात लावतो."

त्र्यंबककाकांनी वही उघडली, पान काढलं आणि बोट ठेवलं. "श्रीरंग, हे तुझंच वाक्य ना?"

वाक्य त्यांचंच होतं. पुढे उद्गारचिन्हसुद्धा होतं!

तराजू बनवायचं काम सुमंतकडे होतं. सुमंत हा श्रीरंगरावांचा जुना दोस्त. तीस वर्षं दोघं प्रिन्स्टन जंक्शनहून एकाच ट्रेननं ऑफिसला गेले. आता सुमंत रिटायर होऊन गॅरेजमध्ये सुतारकाम करायचा. मुलांच्या जुन्या झोक्याची चौकट, तिच्यावर आडवी जाड लाकडी दांडी, आणि दोन्ही टोकांना साखळ्यांनी टांगलेली दोन लाकडी पारडी. काम झकास झालं होतं. श्रीरंगराव बघायला गेले तेव्हा दांडीवर हात ठेवून सुमंत म्हणाला, "रंग्या, वजन एकशे ऐंशीच ना? नक्की? दांडी बघून घ्यायला लागेल, म्हणून विचारतो."

"म्हणजे काय! नक्की!"

सुमंतनं त्यांच्या कमरेकडे एक नजर टाकली आणि "ओके यार" म्हणून ड्रिल उचललं.

समारंभ आठ दिवसांवर आला. काटा २२९. श्रीरंगरावांची झोप उडाली. एकोणपन्नास पाउंड! त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहायचं: आपण बसतो, पारडं धाडकन जमिनीवर आदळतं, समोर नऊ पोती वर हवेत, आणि दीडशे माणसं हसतायत. मग कुणीतरी विचारणार, आणि मग ऑपरेशनची गोष्ट बाहेर येणार. लोक म्हणणार, ऑपरेशन करूनसुद्धा हा असाच!

शेवटी इंजिनियर डोकं चाललं. एकोणपन्नास पाउंड अंगातून जात नसतील, तर समोरच्या पारड्यात घालावेत!

गॅरेजमध्ये पंचवीस-पंचवीस पाउंडांच्या दोन लोखंडी चकत्या होत्या. कुठल्याशा नव्या वर्षाच्या संकल्पात आणलेल्या, आणि तेव्हापासून आकाशकंदिलाच्या खोक्याखाली पडलेल्या. शुक्रवारी दुपारी, समारंभासाठी घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात तराजू उभा करून सुमंत जेवायला गेला असताना, श्रीरंगराव त्या चकत्या घेऊन तिथे पोचले. घामाघूम होत धान्याच्या पारड्याखाली आडवे झाले आणि डक्ट टेपचं अख्खं रीळ संपवून चकत्या बुडाला चिकटवल्या. वरून बघणाऱ्याला काही दिसत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या चकत्यांनी झालेला हा पहिलाच व्यायाम!

घरी आले तर चारुता शिवणाच्या खोलीचं दार लावून बसलेली. दोन्ही पारड्यांवर घालायच्या गाद्यांना ती पैठणीच्या काठांचे अभ्रे शिवत होती.

"किती वेळ चाललंय?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"आत येऊ नकोस! सरप्राइज आहे!"

शनिवार उजाडला. कॅफेटेरिया गच्च भरला होता. श्रीरंगराव धोतर, रेशमी उपरणं आणि पगडी घालून आले. डोनाबाई पॅन्ट्रीची व्हॅन आणि दोन कार्यकर्ते घेऊन हजर होत्या. पांढरेशुभ्र केस, गुलाबी स्नीकर्स, आणि कुणीतरी हौसेनं गळ्यात घातलेली ओढणी. रिकामा तराजू धान्याच्या बाजूला चांगलाच कलला होता. ते श्रीरंगरावांनी बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं. चारुतानंही बघितलं, आणि तीही दुसरीकडे बघू लागली. सुमंत तर छतातले दिवे मोजत होता!

गुरुजींनी मंत्र म्हटले. नऊ कुटुंबांनी एकेक करून नऊ पोती पारड्यात ठेवली, नऊ वेळा फोटो निघाले. मग चार जणांनी दुसरं पारडं खाली ओढून धरलं. श्रीरंगराव हातात नारळ घेऊन मांडी घालून बसले. अंगाला घाम सुटला होता. एका पाउंडाचा फरक आहे, आता पारडी समसमान येणार, असं मनात घोकत त्यांनी डोळे मिटले.

"सोडा!" त्र्यंबककाका म्हणाले.

सोडलं, आणि श्रीरंगराव भसकन वर गेले!

पगडी उडाली. नारळ निसटता निसटता वाचला. साखळ्या कुरकुरल्या आणि श्रीरंगराव माणसांच्या डोक्यांच्या वर, हवेत हेलकावे खायला लागले. क्षणभर कुणाला काही कळेना, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका!

"अरे वा, श्रीरंग! किती बारीक झालास!"

"कसं केलंस रे?"

"गॉल ब्लॅडर काढलं ना!"

श्रीरंगराव वर बसून खाली बघत होते. चौथीत गेल्यापासून त्यांना कुणी उचललं नव्हतं. पंगतीत त्यांच्यासाठी भक्कम खुर्ची शोधायची, फोटोत त्यांना मागच्या रांगेत उभं करायचं, आणि विमानात शेजारचा त्यांना बघून सुस्कारा सोडायचा. आज ते पिसासारखे तरंगत होते आणि खाली माणसं कौतुकानं माना वर करून बघत होती. खोटं होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांना फार बरं वाटलं, अगदी डोळे भरून यावेत इतकं बरं वाटलं.

"पोतं काढा!" त्र्यंबककाकांचा आवाज आला. "तुला समतोल झाली पाहिजे. जेवढं तुलेत बसेल तेवढंच दान, असं शास्त्र आहे."

एक पोतं काढलं. श्रीरंगराव वरच. दुसरं काढलं. वरच! पुन्हा टाळ्या. तिसरं काढलं तेव्हा टाळ्या जरा विरळ झाल्या. चौथं काढलं तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाचवं पोतं निघालं, आणि पारडी डुलत डुलत एका रेषेत आली.

त्र्यंबककाकांनी उरलेली पोती मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली. "चार. म्हणजे... ऐंशी पाउंड?"

"ऐंशी?" उत्तराताई ओरडल्या. उत्तराताई म्हणजे मंडळातल्या निवृत्त बालरोगतज्ज्ञ. त्या खुर्च्या बाजूला सारत पुढे आल्या. "अहो, ऐंशी पाउंड म्हणजे माझे चौथीतले पेशंट! श्रीरंग, हलू नकोस. चक्कर येतेय का? कुणीतरी साखर-पाणी आणा. मी ॲम्ब्युलन्स बोलावते!"

"उत्तराताई, मला काही झालेलं नाही!"

"असंच म्हणतात सगळे!" त्यांनी एका हातानं श्रीरंगरावांची नाडी धरली आणि दुसऱ्या हातानं फोन काढला.

या गोंधळात श्रीरंगरावांचं लक्ष डोनाबाईंकडे गेलं. बाजूला काढलेली पाच पोती मंडळाच्या स्वयंपाकासाठी आत चालली होती, आणि डोनाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. त्या त्र्यंबककाकांना म्हणाल्या, "फोर इज वंडरफुल. रिअली, फोर इज वंडरफुल." मग वळून आपल्या कार्यकर्त्याला हळूच म्हणाल्या, "वी विल मेक द बॅग्ज स्मॉलर धिस वीक."

पिशव्या लहान करू. एवढंच म्हणाल्या त्या. पण श्रीरंगरावांनी उत्तराताईंच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. आपल्याला हलकं दिसायचं होतं, म्हणून कुणाच्या तरी घरी या आठवड्यात पिशवी लहान जाणार होती. अर्ध्या फुलक्यात पोट भरण्यासाठी ते गेले नऊ महिने धडपडत होते. इथे पिशवी घ्यायला येणाऱ्यांना तर पोटभर मिळतच नव्हतं.

"थांबा!" ते ओरडले. "पोती परत आणा! सगळी आणा! माझं वजन दोनशे एकोणतीस आहे!"

उत्तराताईंच्या हातातला फोन तसाच राहिला.

"आणि गॉल ब्लॅडर जागेवरच आहे," श्रीरंगराव म्हणाले. आता थांबणं शक्य नव्हतं. "पोटाचं ऑपरेशन केलं मी. वजन कमी करायचं. नऊ महिने झाले. दोन-दोन चमचे खातो, रोज चालतो, तरी अकरा आठवडे काटा जागचा हलत नाही. लाज वाटली, म्हणून त्या पारड्याच्या खाली पन्नास पाउंडांचं लोखंड चिकटवलं. डक्ट टेपनं."

दोघांनी वाकून पारड्याखाली बघितलं. लोखंड होतं.

त्र्यंबककाका कपाळाला आठ्या घालून पुटपुटले, "पण हिशोब लागत नाही. चार पोती आणि पन्नास पाउंड लोखंड. एकशे तीस झाले. दोनशे एकोणतीस कुठे?"

तेव्हा चारुता पुढे आली. लाल झाली होती. "काका, धान्याच्या पारड्यातल्या गादीत कापूस नाहीये."

"मग काय आहे?"

"पन्नास पाउंड तांदूळ. छोट्या-छोट्या पिशव्यांत भरून शिवलाय."

श्रीरंगराव पारड्यातून बघतच राहिले. "चारू, तू?"

"मग काय करणार? तू एकोणपन्नास पाउंडांच्या काळजीनं झोपत नव्हतास. मला काय दिसत नाही?" चारुता थेट पारड्यापाशी आली. "ग्रुपहून येतोस ते डोळे पुसून येतोस, तेही दिसतं. दोन चमचे वरण खाऊन उठतोस, रोज बघते मी. त्या काट्याला दिसत नसेल, मला दिसतं!"

कुणीतरी नाक ओढलं. त्र्यंबककाका मात्र अजून आकड्यांतच होते. "तरी एकशे ऐंशीच! एकोणपन्नास अजून कमी आहेत!"

सगळ्यांच्या माना हळूहळू सुमंतकडे वळल्या. तो छतातले दिवे पुन्हा पहिल्यापासून मोजत होता.

"सुम्या!" श्रीरंगराव गरजले.

"अरे यार, दांडीचं मधलं भोक मी जरा तुझ्या बाजूला पाडलं," सुमंत म्हणाला. "एकशे ऐंशीत तू बरोब्बर तोलला जावास असा सगळा हिशोब केला होता. तुम्ही दोघं मधे कशाला तडमडलात?"

"पण तुला माझं वजन कसं कळलं?"

"तीस वर्षं तुझ्यासमोर बसून ट्रेननं गेलोय. तुझा पट्टा कितव्या भोकात आहे, ते मला झोपेतसुद्धा कळतं! आणि गॉल ब्लॅडर म्हणे! माझं स्वतःचं काढून दहा वर्षं झाली रंग्या, मी बारा पाउंडांनी वाढलो!"

आता मात्र हसू फुटलं. आधी उत्तराताईंना, मग गुरुजींना, मग सगळ्यांना. श्रीरंगराव मान खाली घालून बसले होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की कुणीच त्यांच्याकडे बोट दाखवून हसत नव्हतं. हसत होते ते चिकटवलेल्या लोखंडाला, तांदळाच्या गादीला आणि सुमंतनं पाडलेल्या भोकाला.

त्र्यंबककाका पारड्याजवळ आले. "ऑपरेशनच्या आधी किती होतं?"

"दोनशे बासष्ट."

"म्हणजे तेहेतीस गेले." काकांनी शेजारचं एक पोतं दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. "हे वीस." मग सुमंतला म्हणाले, "अजून एक दे." दुसरं पोतं हातात आल्याबरोबर म्हाताऱ्याचे गुडघे वाकले! चौघांनी धरलं म्हणून निभावलं. पोती खाली ठेवून, धापा टाकत ते म्हणाले, "श्रीरंग, जवळजवळ एवढं तू अंगावरून उतरवलंस? आणि वर लपवून ठेवलंस?"

श्रीरंगरावांनी त्या दोन पोत्यांकडे बघितलं. नऊ महिने ते फक्त उरलेल्या आकड्याकडे बघत होते. गेलेलं वजन असं जमिनीवर ठेवलेलं त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं. ते पुष्कळ होतं.

मग तुला पुन्हा झाली, या वेळी खरी. सुमंतनं दांडी काढून बरोबर मधे नवीन भोक पाडलं. लोखंड सोडवायला डक्ट टेप कापून कापून दोन कात्र्या बोथट झाल्या. नऊच्या नऊ पोती परत आली. चारुतानं गादी उसवली आणि तांदळाच्या पिशव्या एकेक करून पोत्यांवर रचल्या. शेवटची पिशवी ठेवली आणि श्रीरंगराव सावकाश, मानानं, जमिनीपासून दीड फूट वर येऊन थांबले. समोर दोनशे तीस पाउंड तांदूळ! वरचा एक पाउंड धोतर आणि नारळाच्या नावावर गेला.

डोनाबाईंना काय घडलं ते उत्तराताईंनी इंग्रजीत समजावलं. लोखंडापाशी डोनाबाई जरा अडखळल्या, पण त्यांना एकूण समजलं. त्यांनी एकदा तांदळाकडे बघितलं, एकदा श्रीरंगरावांकडे, आणि तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "ऑल ऑफ इट?"

"ऑल ऑफ इट!" श्रीरंगराव वरून म्हणाले. मग मंडळाकडे वळून स्वतःच मोठ्यानं म्हणाले, "मग काय, पॅन्ट्रीची चंगळ आहे!"

पुन्हा सगळे हसले. या वेळी श्रीरंगरावांना लागलं नाही.

व्हॅन भरून झाल्यावर डोनाबाई निरोप घ्यायला आल्या. श्रीरंगरावांचे दोन्ही हात धरून त्यांनी आशेनं विचारलं, "सेम टाइम नेक्स्ट इयर?"

श्रीरंगराव आता भलतेच खुशीत होते. पगडी डोक्यावर परत आली होती, बायको शेजारी उभी होती, पाठीवर दीडशे थापा पडल्या होत्या. त्यांनी छाती पुढे काढली.

"ऑफ कोर्स! आणि पुढच्या वर्षीपर्यंत माझं वजन एकशे ऐंशी..."

खट्ट असा आवाज आला. त्र्यंबककाकांनी निळी वही उघडून बॉलपेन दाबलं होतं. "एकशे ऐंशी. लिहून घेऊ?"

चारुतानं डोळे मिटून घेतले. सुमंत दिव्यांकडे बघायला लागला.

श्रीरंगरावांनी वहीकडे बघितलं, बॉलपेनकडे बघितलं आणि छाती हळूच आत घेतली.

"काका," ते म्हणाले, "पेन्सिल आहे का?"